निरपराध माणसावर दुःख का येते? खान्देशातील ख्रिस्ती मंडळ्यांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शास्त्राभ्यासाचा वर्ग संपल्यावर, सांत्वन सभेनंतर अंगणात बसलेले असताना, किंवा रात्री उशिरा मोबाईलवर आलेल्या संदेशातून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांच्या शब्दांना फारसा हात लावलेला नाही. ज्यांच्या घरात सध्या दुःख आहे त्यांनी सगळे वाचण्याची गरज नाही. त्यांनी आधी प्रश्न ८ आणि ९ वाचावेत, बाकीचे सवडीने.

१. सर्वांनी पाप केले आहे असे पवित्र शास्त्र सांगते. मग "निरपराध" कोणाला म्हणायचे?

देवासमोर पूर्ण निर्दोष कोणी नाही, ही रोमकरांस पत्रातील शिकवण खरी आहे. परंतु "हा मनुष्य पापी आहे" आणि "हे दुःख त्याच्या पापामुळे आले आहे" ही दोन वेगळी विधाने आहेत. मुलेबाळे आणि संपत्ती एकाएकी गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाची सुरुवातच त्याला सात्त्विक आणि सरळ म्हणून होते. तो कधीच चुकला नाही असा त्याचा अर्थ नसून, जे त्याच्यावर कोसळले त्याला त्याचे वागणे कारण नव्हते, असा आहे. या पानावर "निरपराध" हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

२. दुःख ही देवाने दिलेली शिक्षा असते का?

दुःखावरून माणसाचे पाप ओळखता येते, असा नियम पवित्र शास्त्रात नाही, आणि जिथे कोणी तसा नियम लावू पाहिला तिथे प्रभू येशूने त्याला अडवले आहे. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे ठार झाल्याची गोष्ट येते. ती माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू स्वतःच विचारतो आणि "नाही" असे उत्तर देतो. त्यानंतर तो पश्चात्तापाबद्दल बोलतो हे खरे, पण ते बोलणे समोर जिवंत उभे असलेल्यांना उद्देशून आहे. मेलेल्यांच्या चारित्र्याची चिकित्सा तो करत नाही.

ईयोबाचे मित्र एलीफज, बिल्दद आणि सोफर यांची भाषणे सुटी करून वाचली, तर त्यांतील बरीच वाक्ये रविवारच्या संदेशात सहज खपतील. देव न्यायी आहे, दुष्टांचा नाश होतो, पश्चात्ताप कर म्हणजे सुख परतेल. पुस्तकाच्या शेवटी देवाचा क्रोध भडकतो तो मात्र ईयोबावर नाही, या तिघांवर. तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब ह्याच्यासारखे यथार्थ बोलला नाही, असे तो एलीफजला सांगतो. देवाची बाजू घेऊन दुःखिताला दोषी ठरवणाऱ्यांना देवानेच दोषी ठरवावे, हे आपल्या मंडळ्यांनी पुरेसे मनावर घेतलेले नाही, असे मला स्पष्टपणे वाटते.

काही दुःखे कृतीचा परिणाम असतात. दारूने यकृत खराब होते, आणि माणूस जे पेरतो त्याचेच पीक त्याला मिळते, असे गलतीकरांस पत्रही म्हणते. पण हे वाक्य उलटे फिरवता येत नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली म्हणून शेतकऱ्याने बियाणे वाईट पेरले होते, असे खान्देशातला कोणताही शेतकरी मान्य करणार नाही.

३. देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर दुःख कसे उरते? दोहोंपैकी एक खोटे असले पाहिजे ना?

हा प्रश्न अमळनेरच्या एका विद्यार्थ्याने फार नेटका मांडला होता, आणि ज्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था उभी आहे तिथल्या मुलाने तो विचारावा, याचा मला आनंद वाटला. हा पेच ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस याच्या नावाने ओळखला जातो. ख्रिस्ती विचारवंतांनी त्याला दिलेली दोन उत्तरे ठळक आहेत. चौथ्या-पाचव्या शतकातील संत ऑगस्टिन म्हणतो की वाईट ही देवाने निर्माण केलेली वस्तू नाही. अंधार म्हणजे जसा प्रकाशाचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव, आणि तो अभाव स्वतंत्र इच्छेच्या दुरुपयोगातून येतो. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, इरेनियसने म्हटले होते की मनुष्य पूर्ण वाढ झालेला निर्माण केला गेला नाही, त्याला वाढायचे आहे, आणि वाढ संघर्षावाचून होत नाही.

दोन्ही उत्तरांत वजन आहे. परंतु दोन्हींची मर्यादा इतिहासाने दाखवली आहे. हे जग शक्य त्या जगांपैकी सर्वांत उत्तम आहे, असा युक्तिवाद जर्मन तत्त्ववेत्ता लाइबनिझ याने १७१० मध्ये मांडला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनमध्ये चर्च उपासकांनी भरलेली असताना मोठा भूकंप झाला, आणि तो युक्तिवाद त्या ढिगाऱ्यासमोर उभा राहून म्हणणे कठीण झाले. ईयोबालाही देवाने युक्तिवाद दिला नाही. ३८ ते ४१ या अध्यायांत देव त्याला प्रश्नच विचारतो, आणि पहिल्या अध्यायात स्वर्गात देव आणि सैतान यांचे काय बोलणे झाले होते ते वाचकाला ठाऊक असले तरी ईयोबाला शेवटपर्यंत सांगितले जात नाही. ख्रिस्ती विश्वासाकडे या पेचाचे पूर्ण उत्तर आहे असा दावा मी करत नाही.

४. माणसे एकमेकांना छळतात ते स्वतंत्र इच्छेमुळे, हे समजले. पण जन्मजात आजाराचे काय? आमच्या मुलाला सिकलसेल आहे.

नंदुरबार जिल्ह्यातून हा प्रश्न इतक्यांदा येतो की त्याला सविस्तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे आपण वाहक आहोत हे त्याला चाचणीशिवाय कळतही नाही. तेव्हा "आम्ही काय केले?" या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की तुम्ही काहीही केलेले नाही.

या आजारात आणखी एक गोष्ट आहे, जिच्यापाशी मी स्वतः पुष्कळ वेळा थांबलो आहे. सिकलसेलचा एकच जनुक ज्याच्या अंगी असतो त्या वाहकाला तीव्र हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. ज्या गोष्टीने एका लेकराला तारले, तीच दुहेरी झाली की दुसऱ्याच्या हाडांत कळ उठवते. याने देवाचे समर्थन होते असे मी म्हणत नाही. जग एका सामाईक व्यवस्थेने चालते आणि ती व्यवस्था अजून पूर्ण मुक्त झालेली नाही, सर्व सृष्टी कण्हत आहे, हे पौलाचे रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातील म्हणणे मला इथे खरे वाटते. तुमच्या मुलाच्या कळा देवाने आखून दिल्या, असे मात्र मी मानत नाही.

ज्याला आपण "नैसर्गिक" म्हणतो त्यातले पुष्कळ दुःख माणसाच्या हातून आलेले असते, हेही सांगितले पाहिजे. पाड्यापासून दवाखाना लांब असणे, पावसाळा संपताच सगळे कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत निघून जाणे आणि मुलाचे उपचार मधेच तुटणे, कुपोषण, हे देवाच्या इच्छेच्या खात्यावर टाकणे मला पाप वाटते. लग्नाआधी दोघांनी सिकलसेलची चाचणी करून घेण्यात अविश्वास नाही, जबाबदारी आहे. १ जुलै २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे, आणि मंडळीतील तरुणांनी तपासणीला पुढे यावे असे मी प्रत्येक वर्गात सांगतो.

५. वादळात शेजाऱ्याची बाग राहिली, माझी आडवी झाली. देवाने त्याला राखले आणि मला सोडले असे समजायचे का?

नाही. आणि या प्रश्नाच्या बाबतीत मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला रावेर भागात वादळ झाले. पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष देण्याच्या वेळी एक बंधू उभे राहिले आणि म्हणाले, "बांधापलीकडच्या सगळ्या बागा पडल्या, पण प्रभूने माझी बाग राखली." मी पुढच्या रांगेतून मोठ्याने "आमेन" म्हटले. बांधापलीकडचे एक शेतकरी बंधू माझ्या मागे, तिसऱ्या रांगेत, बायकोसह बसले होते. प्रभुभोजनाच्या आधीच ते दोघे उठून गेले.

दोन दिवसांनी मी त्यांच्या शेतात गेलो. केळीची नवी, घड बाहेर पडलेली बाग होती. खोडे कमरेएवढ्या उंचीवर मोडलेली, घड चिखलात टेकलेले, आणि मोडलेल्या जागेतून चीक अजून गळत होता. ते एकेक घड उलटून पाहत होते, काही वाचतो का म्हणून, आणि त्यांच्या सदऱ्यावर त्या चिकाचे काळे डाग पडले होते. ते मला एवढेच म्हणाले, "भाऊ, माझ्यासाठी पण आमेन म्हणायचं होतं." मी माफी मागितली. त्यांनी पाणी दिले.

देव आपला सूर्य चांगल्यांवर व वाईटांवर उगवतो आणि पाऊस नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाडतो, असे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले. वादळही तसेच कोणाचा सातबारा पाहून येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतील १२वा अध्याय काळजीपूर्वक वाचावा. हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात पेत्राला देवदूत तुरुंगातून सोडवतो. याकोबावर देवाचे प्रेम कमी होते, असे हे पुस्तक लिहिणारा लूक कुठेही सुचवत नाही. वाचलेल्याने उपकार जरूर मानावेत, पण आपल्या उपकारस्तुतीत शेजाऱ्याच्या पडलेल्या बागेचा दाखला देऊ नये.

६. शेजारी म्हणतात, हे मागच्या जन्माचे भोग आहेत. त्यांना काय सांगावे?

वाद घालू नये. आपला विश्वास पुनर्जन्म मानत नाही, एवढे शांतपणे सांगता येते. पण त्याआधी आपल्याच घरात पाहावे. "त्यांच्या घरात काहीतरी कबूल न केलेले पाप असणार" असे प्रार्थना सभेत कुजबुजणारा विश्वासी शब्द वेगळे वापरतो, हिशेब तोच मांडतो. उलट, रडणाऱ्या आईसमोर भोगाचे नाव न काढता रात्रभर तिच्याजवळ बसून राहिलेल्या हिंदू शेजारणी मी पाहिल्या आहेत.

७. "देव सहन करण्यापलीकडे देत नाही" असे वचन आहे ना?

हे वचन सांत्वनासाठी सर्वांत जास्त वापरले जाते आणि माझ्या मते सर्वांत जास्त चुकीचे वापरले जाते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात "परीक्षा" हा शब्द येतो, आणि मराठीत परीक्षा म्हटले की शाळेची परीक्षा डोळ्यांपुढे येते; मग प्रत्येक आजार आणि प्रत्येक मृत्यू हा देवाने काढलेला पेपर ठरतो आणि जो खचला तो नापास. त्या अध्यायाचा विषय मूर्तिपूजेचा आणि पापाचा मोह हा आहे. त्या मोहातून निभावण्याचा मार्ग देव ठेवतो, असे पौल तिथे सांगतो. दुःखाच्या ओझ्याविषयी तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आम्ही शक्तीपलीकडे दडपून गेलो, जगण्याचीही आशा सोडली. प्रेषिताला जे सहन झाले नाही, ते तुम्हाला झालेच पाहिजे असे नाही. ओझे शक्तीपलीकडचे असेल तर ते उचलायला दुसऱ्याला बोलवावे. एकमेकांची ओझी वाहा, असे गलतीकरांस पत्रात लिहिले आहे ते याचसाठी.

८. मी देवावर रागावलो आहे. प्रार्थना करावीशी वाटत नाही. हे पाप आहे का?

स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांचा मोठा भाग तक्रारीचा आहे. तेराव्या स्तोत्राची सुरुवात "हे परमेश्वरा, कोठवर?" अशी होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला शेवटी आशेची ओळसुद्धा जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. विलापगीत नावाचे संपूर्ण पुस्तक आहे. देवाला हे ऐकून घेणे अवघड वाटले असते तर ते आपल्यापर्यंत पोहोचले नसते.

धुळे तालुक्यातील एका घरी नातवाच्या दफनानंतर प्रार्थना चालू असताना आजी मधेच अहिराणीत ओरडल्या, "देवा, मन्हा नातूनी काय पाप करं व्हतं?" एका तरुण भावाने त्यांना थांबवू पाहिले. पाळक साहेबांनी हाताने त्यालाच खाली बसवले आणि आजींचे रडणे ओसरेपर्यंत डोळे मिटून राहिले. मग "आमेन" म्हणाले. त्या दिवशीची खरी प्रार्थना आजींचीच होती. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र मोठ्याने वाचा. तेही जमले नाही तर दुसऱ्याला वाचायला सांगा.

९. या सगळ्याशी वधस्तंभाचा काय संबंध?

प्रश्न ३ मध्ये मी म्हटले की आपल्याकडे पूर्ण उत्तर नाही. आपल्याकडे आहे ती एक घटना. रोमी सुभेदार पिलाताने येशूविषयी तीन वेळा "मला ह्याच्यात दोष सापडत नाही" अशा अर्थाचे सांगितले आणि तरीही त्याला सोपवून दिले. ज्याला शिक्षा झाली तो निरपराध होता, आणि त्याने वधस्तंभावरून बाविसाव्या स्तोत्रातील आक्रोश केला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" निरपराध माणसाचा "का" देवाच्या पुत्राच्या तोंडी आहे, आणि त्या क्षणी त्यालाही आकाशातून उत्तर आले नाही. उत्तर तिसऱ्या दिवशी आले, आणि पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरचे व्रण तेव्हाही तसेच होते. थोमाला ते दाखवले गेले. सगळे ठीक झाले म्हणजे झालेले पुसले गेले, असे आपला विश्वास म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य मला याच्या जवळ नेते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तो १८८२ मध्ये पती पटकीने गेले. आणि अखेरीस १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना केडगावला घेऊन आल्या. स्वतःची उपासमार कशासाठी होती, याचा उलगडा त्यांना कधी झाला की नाही यापेक्षा, दुसऱ्या मुलींची उपासमार त्यांना पाहवली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

१०. आम्ही प्रभूकडे आलो आणि वर्षाच्या आत लेकरू दगावले. गाव म्हणतो, देव कोपला. कोणी म्हणतो, अमुक बाईने केले.

गावदेव कोपला म्हणून लेकरू गेले नाही, आणि प्रभू तुम्हाला पारखत होता म्हणूनही गेले नाही. येशूकडे आल्याने घरात मृत्यू येणार नाही, असे वचन कोणी तुम्हाला दिले असेल तर ते त्याने स्वतःच्या पदरचे दिले; येशूने शिष्यांना "जगात तुम्हाला क्लेश होतील" असेच सांगितले.

प्रश्नाचा दुसरा भाग मात्र अत्यंत गंभीर आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात लेकरू आजारी पडले, गुरे मेली, की एखाद्या विधवेकडे किंवा एकट्या बाईकडे डाकीण म्हणून बोट दाखवले जाते, आणि तिला मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. दुःख आले म्हणजे कोणीतरी दोषी असलाच पाहिजे, हा हट्ट एकदा धरला की दोषी सापडेपर्यंत माणूस थांबत नाही, आणि सापडतो तो बहुधा ज्याच्यामागे कोणी नाही असा. एका निरपराधाच्या दुःखातून दुसरे निरपराध दुःख जन्माला येते. वधस्तंभावरही तेच झाले होते. म्हणून अशा बोलण्यात विश्वासी माणसाने गप्प बसू नये. त्या बाईच्या घरी उघडपणे जावे, तिच्या हातचे पाणी प्यावे, आणि धोका दिसला तर पोलिसांना कळवावे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणा प्रतिबंधक कायदा लागू आहे.

११. विश्वासाने प्रार्थना केली तर गोळ्या बंद कराव्यात का?

करू नयेत. याकोबाच्या पत्रात तेल लावून प्रार्थना करण्यास सांगितले आहे; औषध सोडण्यास सांगितलेले नाही. लूक स्वतः वैद्य होता. विशेषतः सिकलसेलच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवणे लेकराच्या जिवाशी खेळणे आहे, आणि तसे सांगणारा कितीही मोठा उपदेशक असला तरी त्याचे ऐकू नये.

१२. जन्मांध माणसाबद्दल येशू म्हणाला, देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून. म्हणजे देवाने दाखवण्यासाठी त्याला आंधळे केले?

योहानाच्या ९व्या अध्यायातील हे वचन अवघड आहे, आणि ज्यांच्या घरी अपंग लेकरू आहे त्यांना ते टोचते हे मी जाणतो. मूळ ग्रीक लिखाणात आजच्यासारखी विरामचिन्हे नव्हती. त्यामुळे काही अभ्यासक पूर्णविराम आधी घेतात: ह्याने किंवा ह्याच्या आईबापांनी पाप केले असे नाही. पण देवाची कार्ये ह्याच्यात प्रकट व्हावीत म्हणून आपण दिवस आहे तोवर कामे केली पाहिजेत. बहुतेक भाषांतरे असे वाचत नाहीत, म्हणून मी यावर फार भार टाकत नाही. मात्र दोन्ही वाचनांत येशू शिष्यांची नजर "कोणी केले" इथून "आता काय करायचे" इकडे वळवतो, आणि लगेच वाकून चिखल करू लागतो.

१३. दावीदाच्या पापामुळे त्याचे बाळ मेले. देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत झडती घेतो, असेही लिहिले आहे. मग प्रश्न २ चे उत्तर चुकीचे नाही का?

सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तो प्रसंग नाथान संदेष्ट्याने, एका ठरावीक राजाला, ठरावीक खुनाबद्दल सांगितला. त्यावरून दुसऱ्या कोणत्याही बाळाविषयी निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, कारण आपण नाथान नाही. "आईबापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले" ही म्हण इस्राएलात यापुढे चालणार नाही, असे यहेज्केलच्या १८व्या अध्यायात देव स्वतः सांगतो. बापाच्या व्यसनाचे, कर्जाचे परिणाम मुलांना भोगावे लागतात हे आपण रोज पाहतो. परिणाम पुढे जातो, अपराध जात नाही. इतके म्हटल्यावरही त्या बाळाचा मृत्यू मला सलतो, आणि तो सलू नये असा अर्थ मी लावून देणार नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकरांबद्दल विचारणाऱ्यांनी शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील त्याच प्रसंगातले दावीदाचे शब्द वाचावेत: मी त्याच्याकडे जाईन.

१४. सांत्वनाला गेल्यावर काय बोलावे?

ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री जे केले ते करावे. ते त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. "देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात" हे वाक्य कधीही बोलू नये. चहा करावा, गुरांना चारापाणी पाहावे, आणि महिनाभराने, गर्दी ओसरल्यावर, पुन्हा जावे.

१५. शेवटी ईयोबाला दुसरी मुले मिळाली. मुलांची अशी भरपाई होते का?

होत नाही, आणि पुस्तकाकडे बारकाईने पाहिले तर तेही तसे म्हणत नाही. ईयोबाची मेंढरे सात हजार होती, ती चौदा हजार झाली. उंट तीन हजारांचे सहा हजार झाले. बैलांच्या जोड्या आणि गाढवी दुप्पट झाल्या. मुले मात्र पहिल्याइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. जनावरे दुप्पट आणि मुले तेवढीच का, याचा जुना अर्थ असा लावला जातो की मेलेली जनावरे गेली ती गेली, पण पहिली दहा मुले देवाजवळ अजून ईयोबाचीच होती, म्हणून दहा मिळाली तेव्हा वीस झाली. नवापूरकडच्या एका बहिणीला मी हे सांगितले तेव्हा तिला त्यात नवे काही वाटले नाही. तिचा मधला मुलगा सहाव्या वर्षी गेला. आजही मुले किती असे विचारले की ती तीन म्हणते, आणि नावे सांगताना त्याचे नाव त्याच्या जागी, मधेच, घेते.